ताकसांडे काकांची लहानी

हायवेवर अजूनही कधी कधी बसएवढी मोटारहोम दिसते आणि तिच्यामागे लोखंडी दांड्यानं जोडलेली एखादी छोटी कार. कारमध्ये कोणी नसतं. चारही चाकं रस्त्यावर असतात आणि स्टिअरिंग आपलं आपण थोडं इकडे, थोडं तिकडे वळत असतं. आमचा मुलगा लहान होता तेव्हा मागच्या सीटवरून बोट दाखवून हसायचा. मी मात्र वेग कमी करतो आणि त्या छोट्या कारच्या पुढच्या चाकांकडे बघत राहतो. शेजारी बसलेल्या मेघाला, माझ्या बायकोला, अशा वेळी कारण विचारावं लागत नाही. मला दिनकर ताकसांडे आठवताहेत हे तिला ठाऊक असतं.

आम्ही जर्सी सिटीहून टेक्ससमधल्या फ्रिस्कोला राहायला आलो तेव्हा दोन घरं सोडून एका टपालपेटीवर देवनागरीत 'ताकसांडे' लिहिलेलं दिसलं. पांढऱ्या रंगात, पट्टी धरून काढल्यासारखी अक्षरं. शनिवारी सकाळी मी ओळख करून घ्यायला गेलो. गराजचं दार उघडं होतं. आत पासष्टी उलटलेला एक उंच, काळासावळा माणूस बाकावर एक नट फडक्यानं पुसत होता. पँटला निळे गॅलस, खिशाला पेन्सिल. मी माझं नाव सांगितलं, आपटे. मग आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, काका मूळचे कुठले? नागपूर, ते म्हणाले. नागपुरात कुठे? आणि हे आडनाव कुठल्या बाजूचं?

त्यांनी नट बाकावर ठेवला.

"मी जय भीम म्हणतो जी," ते म्हणाले. "आता तुमचे पुढचे तीन-चार प्रश्न वाचले. चहा घेता ना?"

माझे कान तापले. मी गडबडून म्हणालो की मला तसं विचारायचं नव्हतं.

"तसंच विचारायचं होतं," ते शांतपणे म्हणाले. "पण चहा घ्या."

चहा चांगला होता. काकांच्या घरी खोटा शिष्टाचार चालायचा नाही आणि चहा घेतल्याशिवाय सुटकाही नसायची. पहिल्या दिवशी ते मला सांभाळून घेत होते की समज देत होते, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही.

मालगाडीचे डबे एकमेकांना जोडणारी जी लोखंडी कपलिंग असतात, ती बनवणाऱ्या एका कंपनीत काकांनी तीस वर्षं काढली होती. त्यामुळे त्यांचं लक्ष नेहमी कुठल्याही दोन गोष्टी जिथे जोडल्या जातात तिथेच जायचं. आमच्याकडे जेवायला आले तर ताटाआधी टेबलाचा पाय हलवून बघायचे. नट आवळून झाला की त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. त्यांच्या घरातल्या झोपाळ्याला, पंख्याला, स्वयंपाकघरातल्या फळीला, सगळीकडे ही पिवळी रेघ होती. सुशीलाकाकू म्हणायच्या, "माझ्या बांगड्यांना तेवढी नाही ओढली अजून."

एक लांबट वही त्यांच्याजवळ कायम असायची. त्यात ते फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचे. मी कधी म्हणालो, काका, मला माहितीय ते तसं असतं, तर पेन्सिल वर करून थांबायचे. "माहीत आहे ते राहू द्या. पाहिलं काय?" पाहिलं नसेल तर ती गोष्ट वहीत जायची नाही.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी एक जुनी मोटारहोम आणली. सोसायटीच्या नियमात अशी गाडी दारात उभी करता येत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी पत्र आलं आणि काकांनी ती गावाबाहेर, शेतांच्या कडेला भाड्याच्या आवारात नेऊन ठेवली. पाठोपाठ एक लाल रंगाची, हातानं गिअर टाकायची छोटी जुनी कार आणली. मोटारहोमला ते 'मोठी' म्हणायचे आणि कारला 'लहानी'. आमच्या ओळखीतल्या लोकांना गंमत वाटली. निवृत्तीनंतर काही जण गोल्फ खेळतात, काही जण देवळाच्या कमिटीवर जातात. काकांना भटकायची हौस आली असेल, असंच मलाही वाटलं.

खरं कारण मला काकूंनी सांगितलं. मेघा आजारी असताना त्या आमच्याकडे खिचडी घेऊन आल्या होत्या, तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा. सगळे मित्रा म्हणायचे. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. कॉलेज चांगलं, पदवी इंजिनिअरिंगची, आणि दोन वर्षं नोकरी केल्यावर ती सोडून कोलोरॅडोच्या डोंगरात जंगलवाटा बांधणाऱ्या तुकडीत गेली. दरड कोसळली की दगड हटवायचे, पाण्याला चर खणायचे, पायऱ्या रचायच्या. ज्या दिवशी तिनं हे सांगितलं त्या दिवशी काका तिला म्हणाले होते, "तुझ्या पणजोबानं गावचं पडेल ते काम केलं. आजोबानं गिरणीत हयात काढली. आमच्या हातातलं फावडं सुटायला तीन पिढ्या लागल्या, आणि तू एवढं शिकून तेच परत उचललंस?"

मित्रा म्हणाली होती, "त्यांच्या हातात ते दुसऱ्या कोणीतरी दिलं होतं. मी माझं मी उचललंय."

त्यानंतर सात वर्षं ती फ्रिस्कोला आली नव्हती. काकू वर्षातून एकदा एकट्या विमानानं तिच्याकडे जाऊन यायच्या. त्या दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं तेव्हा काका खोलीतून उठून गराजमध्ये जायचे, पण दार पूर्ण लावायचे नाहीत.

"मग आता दोघं विमानानंच जा की," मी म्हणालो.

"विमानानं गेलं की तिच्या घरी उतरावं लागतं, भाऊ," काकू म्हणाल्या. "तिनं यांना या म्हटलेलं नाही. हे काही स्वतःहून पलंग मागणार नाहीत. म्हणून आपलं घर घेऊन चाललेत."

डोंगराच्या पायथ्याशी मोटारहोम उभ्या करायचा तळ होता. तिथून मित्राच्या घरापर्यंत चार मैल कच्चा, वळणावळणाचा चढ. मोठी त्या रस्त्यानं जाऊच शकत नव्हती. लहानी जाऊ शकत होती. ती बोलावेल तेवढ्या वेळ वर जायचं, बसायचं आणि मुक्कामाला खाली आपल्या घरी परतायचं. काकूंनी मित्राला फोनवर हा बेत सांगितला, तेव्हा ती एवढंच म्हणाली की तो रस्ता मे ते ऑक्टोबर उघडा असतो, मग बर्फ पडतं. काकूंनी हेच निमंत्रण मानलं. काकांनी रस्त्याची माहिती मिळाली असं मानलं आणि वहीत लिहून घेतलं.

मी दर शनिवारी त्यांच्याबरोबर आवारात जाऊ लागलो. लहानीच्या पुढच्या बंपरमागे त्यांनी एक जाड पोलादी पट्टी बसवली. तिच्यावर दोन खुंट्या. मोठीच्या मागच्या बाजूला इंग्रजी ए अक्षरासारखा दांडा, त्याचे दोन हात लहानीच्या खुंट्यांत बसायचे आणि त्यांतून खिळी घालायच्या. पहिल्यांदा जोडलं तेव्हा दांडा उतरता निघाला, कारण मोठीचा मागचा भाग लहानीपेक्षा वीतभर उंच होता. जोर आला तर लहानी मोठीच्या खाली घुसेल, काका म्हणाले, आणि मधला तुकडा बदलून दांडा सपाट करण्यात तीन आठवडे घालवले. मग दिव्यांची वायर. मग सगळ्यात नाजूक भाग, लहानीचा ब्रेक.

मोठी थांबली की मागची गाडीही स्वतः थांबायला हवी, नाहीतर तिचं सगळं वजन पुढच्या गाडीला ढकलत राहतं. त्यासाठी एक पेटी मिळते. ती ड्रायव्हरच्या सीटला टेकवून ब्रेकच्या पॅडलसमोर ठेवायची; वेग कमी झाला की पेटीतला दांडा पॅडल दाबतो. काकांची पेटी वापरलेली होती. नव्या पेट्यांत पुढच्या ड्रायव्हरला इशारा देणारा दिवा असतो, तो हिच्यात नव्हता. म्हणून पहिल्या मोठ्या चाचणीला त्यांना मागे एक माणूस हवा होता.

मे महिना होता. कोलोरॅडोला निघायचं जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं आणि काकूंनी मोठीतले डबे भरायलाही घेतले होते. चाचणीचा बेत साधा होता. ते मोठी चालवणार, पुढे पन्नास मैल जाऊन परत. मी माझ्या कारनं मागे.

"मला आरशात लहानी दिसत नाही," ते म्हणाले. "मागचं सगळं तुमच्याकडे. धूर, डगमग, काही दिसलं की लगेच फोन करा. फोन मोकळा ठेवा."

मी हो म्हणालो.

निघून वीस मिनिटं झाली असतील. ऑफिसमधून कॉल आला. आदल्या दिवशी आम्ही सॉफ्टवेअरचं एक रिलीज केलं होतं, ते कुठेतरी फसलं होतं आणि माझी मॅनेजर लाइनवर होती. दोन मिनिटांत ठेवतो म्हणून मी घेतला. आधी वास आला. एखाद्या ट्रकचा असेल म्हटलं. मग लहानीच्या पुढच्या चाकाशी फिकट धूळ उठल्यासारखी दिसली. रस्त्याचं काम चाललं होतं, धूळच असेल. कॉलवर कोणीतरी माझं नाव घेतलं होतं आणि मी उत्तर देत होतो. दहा मिनिटं तरी मी असा बोलत गेलो. शेवटी शेजारच्या लेनमधल्या एका ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन काकांना हातानं मागे खूण केली, तेव्हा मोठी कडेला थांबली.

लहानीची पुढची दोन्ही चाकं धुमसत होती. डाव्या चाकावरचा लाल रंग फुगून तडकला होता, टायर कडेनं वितळायला लागला होता. काकांनी आग विझवायचं नळकांडं आणून फवारलं. मग गुडघ्यावर बसून दोन्ही चाकं बघितली. उठले तेव्हा त्यांनी वही काढली.

"धूर कधी दिसला?"

मी म्हणालो, "एकदम आला, काका. आधी काहीच नव्हतं."

"पाहिलं तुम्ही?"

"हो. एकदमच."

त्यांनी घड्याळ बघून लिहिलं, 'धूर अचानक.' मग म्हणाले की ब्रेक हळूहळू घासत गेला असता तर मैलभरातच धूर दिसायला लागला असता. अचानक आला म्हणजे आतलं काहीतरी एकाएकी अडकलं. "चूक माझीच," ते म्हणाले, "मी जुन्या गाडीवर भरवसा ठेवला." आणि मी मागे होतो म्हणून त्यांनी माझे आभार मानले.

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. ते रागावले असते, कदाचित दोन शनिवार मला बोलावलं नसतं. पण मी त्यांच्या वहीत एक खोटं वाक्य जाऊ दिलं, आणि तो माणूस त्या वाक्यावर विसंबून कामाला लागला.

जून गेला, जुलै गेला. त्यांनी लहानीचे ब्रेक सुटे करून पुन्हा नवे बसवले. चाकांचे बेअरिंग बदलले. जुन्या कारचे भाग लवकर मिळायचे नाहीत, एकेका भागाला दोन-दोन आठवडे. टेक्ससच्या उन्हात ते पत्र्याच्या शेडखाली आडवे पडून काम करायचे आणि मी अपराधी मनानं हातात पाने-पक्कड द्यायचो, पाणी आणायचो, कधी नव्हे इतका नेमानं जायचो. काका काकूंना सांगायचे, आपटे फार जीव लावून करून राहिले. छोट्या चाचण्यांत काहीच सापडायचं नाही, आणि न सापडलेला दोष घेऊन डोंगर चढायला ते तयार नव्हते. ऑगस्टमध्ये काकू पहिल्यांदा म्हणाल्या की राहू द्या ते सगळं, विमानानं जाऊ, मी सांगते तिला. काका गराजमध्ये निघून गेले.

दोष सापडला ऑक्टोबरमध्ये. लहानीच्या ड्रायव्हर सीटची खाच झिजली होती. जोरात ब्रेक लागला की सीट एक खाच पुढे सरकायची, पेटीला ढकलायची आणि पेटी पॅडलवर टेकून राहायची. एवढंच. एक लोखंडी चिमटा लावून पंधरा मिनिटांत ते काम झालं. काकांनी चिमट्यावर पिवळी रेघ ओढली आणि तिथेच उकिडवे बसून राहिले.

"म्हणजे सुरुवातीपासूनच घासत होतं," ते म्हणाले. "मग धूर हळूहळू यायला पाहिजे होता."

मी हातातला पाना पुसत राहिलो. शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, तो आवाज मला अजून आठवतो. त्यांनी वही काढली, मे महिन्यातलं ते पान उघडलं आणि 'धूर अचानक' या दोन शब्दांवर एक आडवी रेघ मारली. त्याखाली नवीन काही लिहिलं नाही. वही खिशात ठेवून म्हणाले, "चला, चहा घेऊ." पुढच्या आठवड्यात डोंगरात बर्फ पडल्याचा मित्राचा निरोप काकूंना आला.

डिसेंबरात काकू आमच्याकडे आल्या होत्या. निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "भाऊ, यंदा मेमध्ये नक्की जाऊ ना? तुम्ही असाल ना मागे?" मी म्हणालो, असेन काकू, नक्की.

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. सहाव्या दिवशी पहाटे गेल्या.

मित्रा आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. बापासारखी उंच, केस आखूड, हाताच्या तळव्यांना घट्टे. वंदनेला डॅलसच्या आजूबाजूची बरीच मंडळी जमली होती. त्रिशरण, पंचशील म्हणताना तिचे ओठ हलत होते. सगळे शब्द तिला पाठ होते, फक्त उच्चार इथले. बाप-लेक तीन दिवस एका घरात राहिले. बोलणं झालं ते कागदपत्रांचं, फुलांचं, कोणाला कळवायचं राहिलं त्याचं. मेघा डबा द्यायला जायची तेव्हा म्हणायची, त्या घरात दोघं जण एकमेकांना वाट देत फिरताहेत.

चौथ्या दिवशी मित्राला परत जायचं होतं. काकूंनी मोठीत काही डबे आणि एक गोधडी ठेवली होती, ती तिला हवी होती. काकांनी मलाही बरोबर घेतलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. बहुधा तिघं असलं की बोलावं लागत नाही म्हणून.

लहानी मोठीमागे जोडूनच ठेवलेली होती. आदल्या आठवड्यात, काकू हॉस्पिटलमध्ये असताना, काका एका दुपारी इथे येऊन ती जोडून गेले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मित्रा गोधडी छातीशी धरून खाली उतरली आणि त्या दांड्यापाशी थांबली. तिनं वाकून खाली बघितलं. मग गोधडी माझ्या हातात देऊन गुडघ्यांवर बसली.

दांड्याच्या खाली दोन पोलादी दोर असतात. दांडा तुटलाच तर गाडी सुटून जाऊ नये म्हणून. ते एकमेकांना फुली मारून लावायचे असतात. काकांनी ते सरळ लावले होते. मालगाड्यांत हयात घालवलेल्या, झोपाळ्याच्या नटावर रेघ ओढणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली होती आणि त्यांचं त्यांना कळलं नव्हतं.

मित्रानं डावा दोर सोडला, उजवा सोडला, फुली मारून परत लावले. तिचे हात भरभर चालत होते, कड्या न बघता बसत होत्या. मग तिनं एकेक खिळी हलवून बघितली, एकेका नटावर बोट फिरवलं, बरोबर काका फिरवायचे तसं. काका तिच्या मागे उभे होते. त्यांनी खिशातून पिवळ्या रंगाची बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली. तिनं एका कडीवर रेघ ओढली.

"कुठे शिकलीस?" काकांनी विचारलं.

"ॲट वर्क," ती म्हणाली. आणि मग थोडं थांबून, तुटक मराठीत, "मेमध्ये ये, बाबा. रस्ता ओपन झाला की."

तिनं त्यांना या म्हटलं होतं. त्यासाठी आठ वर्षं लागली, आणि ते ऐकायला काकू नव्हत्या.

मेमध्ये ते गेले. पोचल्याचा मला फोन आला, चाकं थंड होती असं सांगितलं. पुढचं सगळं मला मित्राकडून कळलं, तेही दोन वर्षांनंतर. काका दोन उन्हाळे तिथे राहिले. हिवाळ्यात बर्फ पडायला लागलं की मोठी घेऊन खाली न्यू मेक्सिकोत जायचे, मेमध्ये परत यायचे. रोज सकाळी दहा वाजता लहानी घेऊन वर जायचे, जाताना भाजी-भाकरी करून न्यायचे आणि पाचला खाली परतायचे. तिनं त्यांच्यासाठी एक खोली आवरून ठेवली होती. वादळ होतं म्हणून एकच रात्र ते तिथे राहिले, तेही खुर्चीत बसून. एका दुपारी ती घरासमोरचा चर मोकळा करत होती, तेव्हा त्यांनी तिच्या हातातून फावडं घेतलं, तासभर खणलं, पुसून परत दिलं आणि जेवायला बसले.

"आम्ही त्या गोष्टीबद्दल कधी बोललोच नाही," मित्रा मला फोनवर इंग्रजीत म्हणाली. "मला वाटायचं, अजून एक उन्हाळा आहे." दुसऱ्या सप्टेंबरात काका दहा वाजले तरी वर आले नाहीत म्हणून ती खाली गेली. ते झोपेतच गेले होते.

त्या दोन वर्षांत त्यांनी मला तीनदा फोन करून बोलावलं होतं. जागा आहे, मेघाला आणा, मुलाला डोंगर दाखवा. मी प्रत्येक वेळी येतो म्हणालो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी निघालं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काका निघाले त्या सकाळी, डिकेटर गावातल्या एका पेट्रोल पंपावर. तिथपर्यंत मी माझ्या कारनं त्यांच्या मागे गेलो होतो. फोन बंद करून डिकीत टाकला होता; काही दिसलं तर हॉर्न देणार होतो. काका पंपावर वळले ते चुकून दुकानामागच्या अरुंद गल्लीत शिरले आणि पुढे भिंत लागली. मागे गाडी जोडलेली असताना मोठीला रिव्हर्स घेता येत नाही, दांडा वाकतो. आता सगळं सोडवायचं, दोन्ही गाड्या वेगवेगळ्या बाहेर काढायच्या आणि परत जोडायचं.

वळणामुळे दांडा अडकून बसला होता. लहानी कणभर पुढे घेतल्याशिवाय खीळ निघेना, म्हणून मी आत बसलो. मागची सीट काढून टाकली होती आणि तिथे काकूंचं सगळं स्वयंपाकघर दोरीनं बांधून ठेवलं होतं. कुकर, तवा, पोळपाट, मसाल्यांचे डबे, काचेची लोणच्याची बरणी टॉवेलमध्ये गुंडाळलेली. मी मागे वळून बघतोय हे काकांना काचेतून दिसलं.

"मित्राला लागेल तर ठेवेल," ते म्हणाले. "नाही तर परत आणीन."

परत जोडायला पाऊण तास लागला. दोन अमेरिकन म्हातारे कॉफी पीत उभे राहून बघत होते, सल्ले देत होते, आणि काका त्यांना हो हो म्हणत स्वतःच्या पद्धतीनं करत होते. शेवटची कडी लावताना आम्ही दोघं लहानीच्या पुढ्यात शेजारी शेजारी उकिडवे बसलो होतो. मी तेवढ्यात म्हणालो, "काका, गेल्या वर्षी, त्या दिवशी मी मागे होतो तेव्हा…"

त्यांनी कडीवरून नजर काढली नाही. "आधी दिवे पाहून घ्या," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

ते मोठीत चढले. मी मागे जाऊन उभा राहिलो. लहानीचा डावा दिवा लुकलुकला, मी ओरडून सांगितलं. उजवा लुकलुकला. ब्रेकचे दोन्ही लाल दिवे लागले, विझले. मी पळत खिडकीशी गेलो. म्हटलं, आता सांगतो. काकांनी सीटबेल्ट लावला होता, चष्मा बदलला होता. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझा खांदा एकदा दाबला.

"आता तुम्ही परत जा, आपटे. इथून पुढे मी पाहतो."

मोठी हलली. सिग्नलपाशी उजवीकडे वळली, तिच्यामागे लहानी वळली. तिच्या रिकाम्या सीटसमोरचं स्टिअरिंग हळूच फिरलं आणि पुन्हा सरळ झालं. एका लांब ट्रकच्या आड आधी मोठी गेली, मग लहानी. ट्रक निघून गेला तेव्हा रस्ता मोकळा होता. ते दोन म्हातारे माझ्याकडे बघून हसले, छान जोडली म्हणाले. मी थँक यू म्हणालो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.